मिस्त्रीणबाईंचा आवाज

मशीन घेऊन आलेली बाई दुकानाच्या पायरीवर टेकते न टेकते तोच तक्रारींचा पाढा सुरू करायची. धागा तुटतो, टाका सुटतो, मध्येच अडकते, नणंदेने वापरायला नेली तेव्हापासून तर पार कामातून गेली. मिस्त्री हात वर करून तिला थांबवायचे.

"तुम्ही नका सांगू, ताई. तिला सांगू द्या."

मग पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवायचं. डॉक्टर छाती ऐकतो ना, तसं. पाचसहा फेऱ्या झाल्या की डोळे उघडून म्हणायचे, "शटलला ओरखडा आहे. आणि तो जुना आहे. नणंदेवर आळ घेऊ नका."

शिवणाच्या मशिनी दुरुस्त करण्यात मिस्त्रींची चाळीस वर्षं गेली. त्यांच्या दुकानात दोन नियम होते आणि ते सगळ्या पेठेला पाठ होते. पहिला, मशीन उघडी असताना मध्ये हात घालायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. एकेक बारका स्क्रू कुठल्या भोकातला हे डोक्यात धरून ठेवलेलं असतं, कुणी "किती वेळ लागेल हो" म्हटलं की गेलं सगळं. दुसरा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेला. बदललेला जुना भाग कागदावर ठेवून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "हा काढला. नीट बघून घ्या. नवा आत बसवलाय." जुना भाग दाखवता येत नसेल त्या मिस्त्रीने पैसे मागू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

सोळाव्या वर्षी ते कपड्यांच्या कारखान्यात तेलपाणी करायला लागले. एका छताखाली दोनशे मशिनी. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागे. तिथं काही वर्षांनी मिस्त्रींना तिचा आवाज आधी भेटला, ती नंतर. ते एका टेबलाखाली उताणे पडून पट्टा चढवत होते, आणि त्या सगळ्या खडखडाटावरून कुणीतरी स्वच्छ ओरडलं, "ए चौथ्या रांगेतली, कॉलर उलटी लावतेयस!"

"हा भोंगा कुणाचा?" टेबलाखालूनच त्यांनी विचारलं.

दोन पावलं येऊन डोक्याशी उभी राहिली. "भोंगा माझा. आणि तू पट्टा उलटा घातलायस."

पट्टा खरंच उलटा होता. पुढच्या वर्षी लग्न झालं. कारखान्यात तिला तोंडावर बाई आणि पाठीमागे भोंगा म्हणत, पेठेत आल्यावर ती मिस्त्रीणबाई झाली. लग्नानंतर तिच्या तोंडचं तू जाऊन तुम्ही आलं, पण आवाजाची पट्टी काही उतरली नाही. ती आतल्या खोलीत कुणावर हसली तर रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याला कळे की मिस्त्रींच्या घरी पाहुणे आलेत. मिस्त्री तक्रार करत. "अगं, हळू. मला मशीन ऐकू येईना." तिचं उत्तर ठरलेलं. "तिला चाळीस वेळा फिरवून ऐकता. माझं एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही."

मग एका वर्षी घसा बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला, काढे झाले, गुळण्या झाल्या. आवाज उठेना. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, जगायचं तर स्वरयंत्र काढावं लागेल. मिस्त्रींनी विचारलं, "आणि बदली?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मिस्त्रीणबाईला कळला. "माझ्यात नवा भाग बसत नाही, असं म्हणतायत ते," ती म्हणाली.

ऑपरेशनला अठरा दिवस होते. लेक परगावी एका दवाखान्याच्या कचेरीत कामाला, तिला तिथल्या नर्सने एक युक्ती सांगितली. लेक सुट्टी टाकून आली ती कचेरीत मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणि बोटभर माइक घेऊनच. म्हणाली, "आई, तुला घरात रोज जे जे बोलायला लागतं ते सगळं यात बोलून ठेव. मी पडद्यावर चौकोन करून देते. चौकोन दाबला की तू बोलशील."

"मी काय रेडिओ आहे?" मिस्त्रीणबाई म्हणाली. पण रात्रीची भांडी झाल्यावर वही घेऊन बसली. तीनशे बारा वाक्यं निघाली. पाणी द्या. औषध घेतलं. कोण आलंय? ते घरी नाहीत, उद्या या. दुखत नाही, विचारू नका. लेकीसाठी, फोन उचलायला उशीर का केलास. पुरे झालं काम, डोळे फुटतील. शेवटची पंचवीसतीस वाक्यं तिने लेकीला भाजी आणायला पिटाळून एकटीनेच भरली. मिस्त्री बाहेर बसून ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं चाक फिरवत होते. घसा घोगरा झाला होता तोवर, पण पट्टी तीच. दोनशे मशिनींवरून जाणारी.

ऑपरेशननंतर ती घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. दोन दिवस ती कॉम्प्युटरकडे फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री बाहेर दिव्याखाली एक मशीन घेऊन बसले होते आणि आतून आवाज आला, "पुरे झालं काम, डोळे फुटतील." मिस्त्रींच्या हातातला स्क्रू पडला. तो त्यांनी शोधला नाही. आत जाऊन तिच्याजवळ बसले आणि पोरासारखे रडले. मग तिने दुसरा चौकोन दाबला. "असं तोंड करून बसू नका." तेव्हा दोघंही हसली, ती बिनआवाजाची.

तेव्हापासून दोन वर्षं घर त्यावर चाललं. कॉम्प्युटर दुकान आणि आतली खोली यांच्या मधल्या दाराशी, एका जुन्या मशीनच्या लोखंडी पायांवर फळी टाकून ठेवलेला. बाकी काही सांगायचं असलं तर पाटी आणि खडू. पण तिला घाई असली, राग आला, गंमत करायची असली की ती चौकोनांकडे जायची. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. आतून दणदणीत आवाज आणि मग बाहेर येते ती एक मुकी बाई.

वाक्यांची दुसरी प्रत लेकीने एका काडीत घालून दिली होती, नखाएवढी, कॉम्प्युटरला लावायची. "बाबा, ही कपाटात ठेवा. नाहीतर मी माझ्याकडे नेते."

"सुटा भाग मशीनजवळच असावा," मिस्त्री म्हणाले.

"अहो बाबा, ही सुई नाहीये."

"चाळीस वर्षं बघतोय. सुया, बॉबिनी मशीनच्या खणात ठेवल्या त्यांच्या सापडतात. कपाटात ठेवल्या त्यांच्या हरवतात."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. काडी कॉम्प्युटरलाच लागलेली राहिली. दोन वर्षांत कुणी काढली नाही. तिच्यावर धूळ बसायची ती मिस्त्री ब्रशने झाडायचे.

त्या दिवशी दुपारी एक फार जुनी मशीन आली होती. तिच्या शटलचं चित्र कुठे मिळतंय का ते मिस्त्री कॉम्प्युटरवर शोधत होते, तेवढं त्यांना लेकीने शिकवलं होतं. एका पानावर चित्र सापडलं. खाली हिरवं बटण होतं. दाबलं, आणि सगळा पडदा लाल झाला.

आतून भोंगा वाजायला लागला. आग लागल्यावर वाजतो तसा. त्यावरून एक बाई बोलायला लागली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे. बंद करू नका, बंद केल्यास सर्व माहिती कायमची नष्ट होईल. खालील नंबरवर त्वरित फोन करा. संपलं की परत पहिल्यापासून. त्या डब्यातून आजवर एकाच बाईचा आवाज आला होता. आता तिच्या जागेवर दुसरीच कुणी बसून ओरडत होती. सर्व माहिती म्हणजे काय काय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सर्वमध्ये एकच गोष्ट दिसत होती.

मिस्त्रीणबाई ओल्या हातांनी धावत आली. पडदा बघितला आणि सरळ भिंतीकडे बोट केलं. प्लग. काढा.

"अगं थांब! बंद केलं तर सगळं जाईल म्हणतेय ती!"

तिने पुन्हा बोट केलं. मिस्त्री तोवर फोन लावून मोकळे झाले होते.

पलीकडचा माणूस किती गोड बोलला म्हणून सांगावं. "नमस्कार काका. घाबरू नका. रडू नका. बरं केलंत बंद केला नाहीत ते, शहाणे आहात. मी कंपनीचाच इंजिनियर बोलतोय." त्याने भोंगा बंद कसा करायचा ते सांगितलं. चारदोन अक्षरं टाइप करायला लावली. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. मिस्त्रींनी माऊसवरचा हात उचलला. कुणीतरी लांबून, भिंतींपलीकडून आत हात घालून काम करत होतं. बघता बघता एक यादी उघडली, शेकडो ओळींची, जागोजागी तांबड्या फुल्या.

"बघितलंत काका? इतकी झीज झालीय आत."

झीज म्हटल्यावर मिस्त्रींचा विश्वास बसला. झीज त्यांना कळायची. (लेकीने नंतर सांगितलं की तशा फुल्या दर कॉम्प्युटरमध्ये असतात, धडधाकटसुद्धा. मशीनला थोडा आवाज असतोच, तसं.)

"आता मी हा उघडलाय," तो माणूस म्हणाला. "आता कशाला हात लावू नका, मध्ये बोलू नका. मध्येच काही उडालं तर मी जबाबदार नाही."

मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. माणूस कामाचा आहे, त्यांच्या मनात आलं. कामाच्या माणसालाच असं बोलता येतं.

मिस्त्रीणबाईने पाटी पुढे धरली. लेकीला फोन करा. मिस्त्रींनी मानेनेच नाही म्हटलं. तिने पाटी त्यांच्या खांद्यावर आपटली. मग ती वाकून स्वतःच प्लगकडे हात घालायला गेली. मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षांत धरलं नव्हतं असं धरलं.

"मिस्त्री काम करतोय. मध्ये बोलू नको."

ती सरळ उभी राहिली. त्यांच्याकडे बघितलं. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत निघून गेली. आपण कुणाला काय म्हणालो हे मिस्त्रींना तेव्हा कळलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष बाणाकडे होतं.

"काका, आधी काय वाचवू? सगळ्यात जपायचं असं काय आहे यात?"

मिस्त्रींनी त्याला जागा सांगितली. लेकीने तिथं आईचा आवाज असं नाव देऊन ठेवलं होतं. पलीकडचा म्हणाला, "अरेरे. हेच तर खातोय बघा विषाणू." मग दुरुस्तीचे पैसे झाले. मिस्त्रींनी बँकेच्या कार्डावरचे आकडे सांगितले, फोनवर आलेले आकडे सांगितले. महिन्याची कमाई गेली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, दुरुस्ती म्हटली की पैसे आलेच.

पण माणूस थांबला नाही. याच्या तिप्पट भरा, म्हणाला, म्हणजे दहा वर्षं काही होणार नाही. लेखी गॅरंटी.

इथं मिस्त्रींच्या आत काहीतरी खटकन अडकलं. मोडीत काढलेल्या मशीनवर दहा वर्षांची गॅरंटी? ते स्वतः नव्याकोऱ्या भागाला सहा महिने देत आणि तेही तेल घालाल तर, असं बजावून.

"साहेब," ते म्हणाले, "आत्ता काय बदललंत? जुना भाग दाखवा."

"म्हणजे?"

"बदललं असेल ते दाखवा मला. काढलेलं."

पलीकडे कुणीतरी दुसराच हसल्यासारखं वाटलं. बऱ्याच माणसांनी भरलेली खोली असावी ती. गोड आवाज गेला. "म्हाताऱ्या, पैसे भरतोस की उडवू?"

बाण हलला. आईचा आवाज या नावावर जाऊन थांबला. मग बाजूच्या काडीवर गेला. काहीतरी उघडलं, एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. पार उजव्या टोकाला पोचेतो मिस्त्री हात मांडीवर ठेवून बघत होते. मध्ये हात घालायचा नसतो. मग ते उठले आणि भिंतीतून प्लग ओढून काढला.

संध्याकाळच्या गाडीने लेक आली. कॉम्प्युटर सुरू झाला, चौकोन तसेच होते. तिने एक दाबला. खरखर. दुसरा दाबला. खरखर. काडीतही तेच.

"बाबा, मला एक फोन नाही करता आला?" ती ओरडायला लागली आणि ओरडता ओरडता रडायला. "कुठलीही कंपनी पडद्यावर नंबर नाही हो देत! तुमच्या कॉम्प्युटरला काय झालंय ते त्यांना तिकडे बसून कळतच नाही! असं काही लाल दिसलं की प्लग काढायचा, बस. प्लग काढला की ते जातं. काही नष्ट होत नाही. आणि परक्याला आत घ्यायचंच नाही. काडी तरी कपाटात ठेवा म्हणत होते मी…"

"ती सांगत होती," मिस्त्री म्हणाले.

"कोण?"

मिस्त्रींनी आतल्या खोलीकडे बघितलं. मिस्त्रीणबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारी तिच्यात आवाज असता तर पलीकडचा झेरॉक्सवाला धावत आला असता, सगळी पेठ गोळा झाली असती, त्या फोनवाल्याने फोन टाकून दिला असता. आणि तिचा उरलेला आवाज त्याच डब्यात होता जो त्यांनी तिला बंद करू दिला नाही. मध्ये बोलू नको, असं ते म्हणाले होते. आता त्यांना ते आठवलं. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

लेकीने बँकेला कळवून कार्ड बंद केलं. दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन चौकीत गेली. तिथल्या कारकुनाने नंबर, वेळ, रक्कम सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही नुकसान?"

"बायकोचा आवाज," मिस्त्री म्हणाले.

कारकुनाने वर बघितलं. मग लेकीकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने थोडा विचार करून 'इतर' असं लिहिलं. वाईट नव्हता तो. पाणी विचारलं त्याने.

मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने चार दिवस डबा ठेवून घेतला. परत देताना पैसे घेईना. "मिस्त्री, फाइली सगळ्या आहेत. तीनशे बारा. पण कुलूप घालून आतला सगळा भुसा करून ठेवलाय हो. त्याची किल्ली त्या हरामखोराकडे."

किल्ली म्हटल्यावर मिस्त्रींनी जे केलं ते लेकीला अजून माहीत नाही. झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून त्यांनी तोच नंबर लावला. "साहेब, मी रागावलेलो नाही. बाकी सगळं राहू द्या. त्यातलं एक द्या. कुठलंही." पलीकडच्याने बरं म्हटलं, पैसे कुठे पाठवायचे ते सांगितलं. मिस्त्रींनी झेरॉक्सवाल्याकरवी पाठवले. त्यानंतर तो नंबर लागला नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, तुम्हाला कळत होतं ना?" मिस्त्री म्हणाले, "कळत होतं."

लेकीने स्वतःचा फोन पालथा घातला, नातेवाइकांना विचारलं. आईचा एक व्हिडिओ मिळाला, बस स्टँडवरचा. ती काहीतरी बोलतेय, हात हलवतेय. नेमका त्याच वेळी मागे बसचा हॉर्न वाजतोय, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मिस्त्रीणबाईने या सगळ्या दिवसांत पाटीला हात लावला नाही. स्वयंपाक करत होती, वाढत होती, औषध घेत होती. मिस्त्री काही विचारायला गेले की मान हलवायची. आठव्या दिवशी जेवण झाल्यावर तिने पाटी घेतली, लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवली.

मी प्लग काढा म्हणत होते.

"हो," मिस्त्री म्हणाले.

तिने पुसून परत लिहिलं. तुम्ही माझा हात धरला.

"धरला."

ती वाट बघत होती. चुकलं म्हणावं तर ते फारच छोटं होतं. शेवटी ते म्हणाले, "मी त्याला मिस्त्री समजलो गं." तिने पाटी पुसली.

पुढच्या सुट्टीला लेक आली ती ठरवूनच. म्हणाली, "वही आहे ना? मी बोलते सगळं. माझा आवाज आईसारखा आहे, सगळे म्हणतात." मिस्त्रीणबाई बराच वेळ वहीवर हात ठेवून बसली, मग तिने ती लेकीकडे दिली. तिघं मधल्या दाराशी बसली. लेक एकेक वाक्य माइकमध्ये बोलू लागली. पाणी द्या. औषध घेतलं. कोण आलंय? आवाज खरंच मिळताजुळता होता. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर आईचं कसं होतं ते आठवायचा प्रयत्न करत होते. पहिल्या दहाबारा वाक्यांना आठवलं. पुढे पुढे त्यांना लेकीचंच ऐकू यायला लागलं, आणि त्याच्यामागचं आईचं हरवत गेलं. चाळीस वर्षांत ज्या कानाची चूक झाली नव्हती, तो कान आता एका आवाजाने दुसरा पुसत होता, आणि थांबवायचं कसं ते मिस्त्रींना कळत नव्हतं.

एका पानावर येऊन लेक थांबली.

"आई, हे मी कसं म्हणू?"

वहीत लिहिलं होतं, अहो, जरा इकडे या.

"बाबांना मी अहो म्हणू?" लेक हसली. "मी बाबा म्हणते. बाबा, जरा इकडे या. चालेल?"

मिस्त्रीणबाईने झटकन पाटी ओढली. नवऱ्याला बाबा म्हणू? आणि तिचे खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती. लेकही हसत सुटली. मिस्त्रीही हसले. मग लेकीने पान उलटलं आणि तिचं हसू गेलं, कारण पुढची सगळी तशीच होती. खोटं बोलताय, कान लाल झालेत. मी झोपले नाही, जागीच आहे, या. आज दाढी चांगली केलीत. ती एकटीने भरलेली वाक्यं.

मिस्त्रीणबाईने वही घेतली, लेकीच्या हातातलं पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. सावकाश, पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारत. कारखान्यात चुकलेल्या कपड्यावर खडूने मारायची तशी. अठ्ठावीस ओळी खोडल्या. लेक उठून आत गेली.

"राहू दे ना वहीत," मिस्त्री म्हणाले. "नुसत्या लिहिलेल्या."

तिने मान हलवली. वही मिटून त्यांच्यापुढून उचलली.

आता घरात दोनशे चौऱ्याऐंशी वाक्यं आहेत, लेकीच्या आवाजात. त्यांची एक प्रत लेकीच्या घरी असते, एक तिच्या कचेरीच्या कपाटात. पाणी मिळतं, औषध मिळतं, आलेल्या माणसाला उद्या या म्हणता येतं. नवऱ्याला हाक मारायला त्यात काही नाही.

एका सकाळी मिस्त्री दुकानातलं कामाचं टेबल ओढायला लागले. बिडाचे पाय, जड टेबल, एकट्याला हलेना. आजवर ते रस्त्याकडे तोंड करून होतं, तिकडून उजेड यायचा. आवाजाने मिस्त्रीणबाई दारात आली. बघत राहिली. मग पदर खोचून तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते पूर्ण फिरवलं, आतल्या दाराकडे तोंड येईल असं. एक पाय डगडगत होता. तिने खाली बसून त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला, हाताने हलवून बघितलं आणि मिस्त्रींकडे न बघता आत गेली.

आता उजेड पाठीवर येतो. समोरच्या मशीनवर मिस्त्रींचीच सावली पडते. गिऱ्हाइकं म्हणतात, "मिस्त्री, असे उलटे का बसलात? सुईचं भोक तरी दिसतं का?" मिस्त्री म्हणतात, "दिसतं कसंबसं."

दिवसातून पाचसहा वेळा ती दारात येते आणि हाताने बोलावते. मिस्त्री हातातलं टाकून उठतात. कधीकधी ती नुसतीच येऊन उभी राहते, काही नको असतं. तेव्हाही ते अर्धे उठतात, तिच्याकडे बघतात, आणि ती वळून आत गेली की परत खाली बसतात.